उद्यानांची समन्यायी उपलब्धता (मुंबई)

सार्वजनिक उद्याने, मैदाने व क्रीडांगणे सधन आणि निर्धन वस्त्यांतील रहिवाशांच्या वाट्याला सारख्याच प्रमाणात येणे आणि ती त्यांना विनाअडथळा वापरता येणे.

मुंबईत या कल्पनेचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) पाहतात. या बागेचे साल कोठे 1861, तर कोठे 1862 दिलेले आढळते. दुसरे साल बाग खुली झाल्याचे असावे. तथापि ती साऱ्या शहराची बाग होती. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी करताना बागांसाठी जागा राखल्या व वस्तीगणिक बाग ही कल्पना तेथून रुजली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. माटुंग्याची ‘फाइव्ह गार्डन्स’ त्याच आखणीतील होत. देवनारच्या कचराभूमीलगत वाढलेल्या गोवंडी-मानखुर्दसारख्या भागांना अशी आखणी लाभली नाही.

केंद्र शासनाच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई 10 ते 12 चौ. मी. मोकळी जागा सुचविली आहे. मुंबईत ती सुमारे सव्वा चौ. मी. भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावे सांगितला जाणारा 9 चौ. मी.चा निकष वारंवार उद्धृत होतो, परंतु त्याचा मूळ दस्तऐवज सहसा दाखविला जात नसल्याने येथे तो प्रमाण मानलेला नाही. सरासरीत विषमता झाकली जाते, कारण ओव्हल, आझाद मैदान, मलबार हिलचे फिरोजशहा मेहता उद्यान अशा विस्तीर्ण जागा दक्षिणेत एकवटल्या आहेत.

प्रश्नाचा गाभा भूखंडांच्या आरक्षणात आहे. विकास आराखड्यात उद्यानासाठी राखलेल्या अनेक भूखंडांवर झोपड्या आहेत, म्हणजे गरिबांचे घर आणि गरिबांची बाग एकाच जमिनीवर हक्क सांगतात. 500 चौ. मी.हून मोठ्या अशा भूखंडांवर झोपडीवासीयांच्या पुनर्वसनाच्या इमारती बांधून 1991 च्या नियमावलीनुसार 33 टक्के जागा मोकळी ठेवावी लागे, तर 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीनुसार ती 35 टक्के ठेवावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ही तरतूद वैध ठरविली. उरलेली जागा पुनर्वसित कुटुंबांच्या दाट संख्येला पुरेल असे मानणे कठीण आहे. शिवाय ती इमारतींच्या कुंपणाआड न जाता सर्वांसाठी खुली राहणे अगत्याचे आहे.

महानगरपालिकेचे उद्याने खाजगी संस्थांना देखभालीसाठी देण्याचे दत्तक धोरणही प्रवेशबंदीच्या भीतीमुळे वादग्रस्त ठरले. जानेवारी 2016 मध्ये संमत झालेल्या धोरणाला लगेच स्थगिती मिळाली. धारावीलगत जुन्या कचराभूमीवर उभारलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे श्रमिक वस्तीशेजारी नव्याने हिरवी जागा निर्माण झाल्याचे ठळक उदाहरण आहे.