१०० मिमीची मॅक्रो लेन्स ६० मिमीपेक्षा ‘मोठे’ दाखवते का?

मॅक्रो लेन्स, म्हणजे छोट्या वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, निवडताना ‘फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) जितकी जास्त, तितका किडा मोठा दिसतो’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. लेन्स १:१ प्रमाणाची असेल, म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढ्याच आकाराची पाडत असेल, तर ती ६० मिमीची असो वा १०० मिमीची, ३६ मिमी लांबीची वस्तू फुल फ्रेम सेन्सरची ३६ मिमी रुंदी काठोकाठ भरते. फरक पडतो तो अंतरात. १०० मिमीच्या बहुतेक लेन्स १:१ साठी सुमारे ३० सेंमीवर फोकस होतात, पण हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असल्याने पुढच्या काचेपासून फुलपाखरापर्यंत जेमतेम १३ ते १५ सेंमी उरतात. ६० मिमीला त्याहूनही जवळ जावे लागते आणि तेवढ्यात लेन्सची सावली पानावर पडून फुलपाखरू उडालेले असते. (कीटकांसाठी १०० मिमी घ्यावी ती, माझ्या मते, मुख्यतः एवढ्याचसाठी.) लांब लेन्समध्ये पार्श्वभूमीचा कमी भाग चौकटीत येत असल्याने ती अधिक शांत दिसते, हे मात्र खरे, परंतु प्रमाण आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) तेच ठेवल्यास डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती खोली) जवळजवळ सारखीच राहते. नाणी किंवा टपाल तिकिटे टिपायची असतील, तर ६० मिमी पुरेशी आहे.