आईची केमो आणि पोटातल्या मुलीची अंडाशयं

गरोदरपणात कॅन्सर निघाला, तर पहिले तीन महिने डॉक्टर शक्यतो केमो टाळतात, कारण बाळाचे हृदय, हातपाय तेव्हा आकार घेत असतात. चौथ्या महिन्यापासून मात्र बरीच औषधं देता येतात आणि बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. पण पोटात मुलगी असेल, तर तिची अंडाशयं तेव्हाही ऐन घडणीत असतात.

मुलीला जन्मभर पुरणारा बीजांडांचा साठा आईच्या पोटातच तयार होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास तो 60-70 लाखांवर जातो, जन्मापर्यंत आपोआप घटून 10-20 लाखांवर येतो. पुढे त्यात भर पडत नाही. याच महिन्यांत बीजपेशींचे, म्हणजे ज्यांची बीजांडं होतात त्या पेशींचे, घोळके सुटतात आणि एकेका बीजांडाभोवती आधारपेशींचं कवच बसतं. हेच फॉलिकल.

आता केमोमधल्या एटोपोसाइड या औषधाचं उदाहरण पाहू. हिमालयातल्या वनककडीच्या मुळांत मिळणाऱ्या द्रव्यापासून ते बनवता येतं. पेशीतला डीएनए गुंततो, तेव्हा एक विकर (एन्झाइम) त्याचे दोन्ही धागे कापून गुंता सोडवतं आणि पुन्हा जोडतं. एटोपोसाइड ही जोडणी होऊ देत नाही. तुटलेल्या डीएनएने कॅन्सरची पेशी मरते.

एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची विकसित होणारी अंडाशयं प्रयोगशाळेत वाढवून त्यांना हे औषध दिलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: फॉलिकल तयार होण्याआधी औषध मिळालं, तर कमी मात्रेतही बीजपेशी मोठ्या प्रमाणात मेल्या, नंतर मिळालं, तर बीजांडं बरीचशी टिकली. म्हणजे नुकसान किती, हे वेळेवर ठरतं. उंदरांत फॉलिकल जन्माच्या आसपास तयार होतात, माणसात गरोदरपणाच्या उत्तरार्धात. नेमकी तेव्हाच केमो चालू असते.

हे निष्कर्ष काचेच्या बशीतल्या उंदरांच्या ऊतींचे आहेत. गर्भवतीच्या शरीरात आई आणि बाळाच्या मध्ये वार (प्लासेंटा) असते, त्यामुळे बाळापर्यंत पोचणारी मात्रा वेगळी असू शकते. म्हणून कुणी घाबरून उपचार थांबवू नयेत. आईचा जीव आधी. पण अशा मुलींच्या फाइलमध्ये कोणतं औषध, कितव्या आठवड्यात दिलं, ही नोंद राहायलाच हवी. साठा कमी असला तरी पाळी वेळेवर सुरू होऊ शकते आणि वर्षानुवर्षं नियमितही राहू शकते. कमतरता पुढे कधीतरी, पाळी लवकर थांबल्यावर कळते. फॉलिकलमधून रक्तात येणाऱ्या एएमएच या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) तपासणीतून मात्र या कमतरतेचा अंदाज आधी येऊ शकतो.