बिडाचा तवा आणि गाडीचं बॉनेट

वैशाखात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ अंशांवर गेला की मला गॅरेजच्या कोपऱ्यातल्या रॉकेलच्या डब्याची धास्ती वाटते. इंजिनवरचा ओशटपणा काढायचा आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे रॉकेलमध्ये ब्रश बुडवून घासणं. तो लागू पडतो, यात वाद नाही. ग्रीस आणि रॉकेल बहुतेक वेळा एकाच खनिज तेलाची लेकरं, म्हणून एक दुसऱ्यात सहज विरघळतं. पण रॉकेल साधारण ३८ अंशांच्या पुढं गेलं की ठिणगी पडताच पेटेल इतकी वाफ त्यावर जमू लागते. थंडीत गरीब वाटणारं तेच रॉकेल मे महिन्याच्या दुपारी सावलीतही धोक्याचं होतं. पेट्रोलचा हाच आकडा शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. तेव्हा पेट्रोलनं इंजिन पुसणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

रॉकेलची दुसरी खोड लगेच दिसत नाही. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप बहुधा अशा रबराचे असतात, की ते उकळतं पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलात फुगून मऊ पडतं.

मुळात बॉनेटखाली साचतं काय? कुठल्याशा गॅस्केटमधून (दोन भागांच्या सांध्यातल्या पट्टीतून) झिरपलेलं ऑइल, आणि त्यावर बसलेली आपली काळी माती. या मातीचे चिकणकण पापडाच्या चवडीसारखे थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. हे बारीक कण तेलही धरून ठेवतात. म्हणून आधीच पाणी मारलं तर सैल धुळीचा चिखल होतो आणि तो सांध्यासांध्यांत जाऊन बसतो. पहिलं काम कोरडंच करावं: मऊ ब्रश, जुनं फडकं, जमल्यास ब्लोअर. सुगीनंतर सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू, उंदरानं आणलेलं गवत हेही तिथं सापडतं. सायलेन्सरकडं जाणारा पाइप लालसर तापतो तिथं असलं काही राहता कामा नये.

चिकट थरासाठी पाण्यात मिसळणारा डीग्रीझर (ग्रीस सोडवणारं द्रावण) किंवा भांड्यांचा लिक्विड साबण पुरे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी सलगी करतं, दुसरं तेलाशी. तेलाकडची टोकं ग्रीसमध्ये रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि तेलाचा बारीक थेंब चहूबाजूंनी वेढला जाऊन पाण्याबरोबर निघून येतो. साध्या साबणाच्या वडीचं आपल्या बोअरच्या जड पाण्याशी जमत नाही. त्यातल्या कॅल्शियमशी मिळून साबणाचा पांढरा साका होतो. कॉस्टिक सोडा मात्र हातात घेऊच नये. ॲल्युमिनियमवर त्याचं जे संरक्षक ऑक्साइडचं कवच असतं, ते कॉस्टिक विरघळवतो, मग धातू खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो.

इंजिन किती गार हवं? स्वयंपाकघरातला बिडाचा तवा आठवा. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे.) चुलीवरून उतरवलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तो तडकतो, कारण वरचा थर झटकन आकसतो आणि आतला फुगलेलाच राहतो. कित्येक इंजिनांचे एक्झॉस्टचे भाग याच बिडाचे असतात. गाडी बंद करून तासभर थांबावं. हात ठेवता येईल इतकं कोमट इंजिन उत्तम. ग्रीस सैल असतं आणि तडकण्याचं भय नसतं. काम सावलीत, सकाळी करावं. आपल्या उन्हात डीग्रीझर पाच मिनिटांत वाळून डाग धरतो.

वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनवर माझा राग आहे. एका ठिकाणी असंच बॉनेट उघडून धुऊन घेतलं आणि गाडी दोन दिवस अडखळत राहिली. कनेक्टरची रबरं पावसाचे शिंतोडे अडवायला असतात, शंभर बार दाबाच्या धारेला नव्हे. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनचा संगणक) आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधून घ्यावं, आणि फवाऱ्याच्या बाटलीनं धुवावं. अर्धी बादली पाणी पुरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा इंजिनवर पाइप सोडणं मला तरी जमत नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींना मात्र हातच लावू नये, तिथं विजेचा जीवघेणा दाब असतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, असं मिस्त्री सांगतात. गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटली असेल तर काही होत नाही. टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी आम्लाची करामत आहे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ती फसफसून उतरते.

शेवटी कोरडं फडकं, आणि बॉनेट उघडं ठेवून चांगलं वाळू देणं. चमकीसाठी तेलकट पॉलिश लावू नका, आठवड्यात त्यावर पुन्हा काळी माती बसेल. खाली पडलेलं काळं पाणी राखेत किंवा भुशात टिपून घ्यावं, नालीत सोडू नये. रात्री इंजिनखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर तपकिरी डाग दिसला तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर कूलंट, आणि नुसतं पाणी दिसलं तर कालच्या एसीचं.