पित्त म्हणजे नेमकं कोणतं?

"अण्णा, ह्यात काय लिहिलंय बघा की जरा," म्हणत एका अक्कांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. विड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार हे माझे रोजचे लोक. रिपोर्टच्या शेवटी एकच शब्द होता, कोलेलिथियासिस. मी सांगितलं, "पित्ताशयात खडे आहेत." त्यावर अक्का लगेच म्हणाल्या, "मग पित्ताची गोळी एकाच्या दोन घेते. विरघळतील."

दोष त्यांचा नाही. आपल्या बोलीत पित्त या एका शब्दावर फार भार पडलाय. आंबट ढेकर आले, छातीत जळजळलं, की पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली, पित्त. उपाशीपोटी हिरवट-पिवळं कडू पाणी पडलं, तेही पित्त. माणूस भडकला तर त्याचं पित्त खवळलं. आयुर्वेदात पित्त हा दोष मानला जातो आणि त्याचा अर्थ मुळातच व्यापक आहे, म्हणून हे सगळं एका नावाखाली आलं. पण डॉक्टर 'पित्ताशय' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फक्त ते हिरवट कडू पाणी असतं.

ते पाणी यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताखालच्या छोट्या पिशवीत ते साठतं आणि घट्ट होतं. तेलकट-तुपकट खाल्लं की पिशवी आकसते आणि पित्त लहान आतड्यात सोडते, तिथं ते चरबी पचवायला मदत करतं. छातीतली जळजळ मात्र जठरातल्या आम्लाची. आम्ल आंबट, पित्त किंचित अल्कधर्मी. म्हणजे दोघांचा स्वभाव उलटा. आपण 'आम्लपित्त' म्हणून दोघांना एका शब्दात बांधून टाकलं. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जठरातलं आम्ल कमी करते. पित्ताशयातल्या खड्याला ती काहीही करत नाही, दोन घ्या नाहीतर चार.

मग मी अक्कांना तो अवघड शब्द फोडून दाखवला. हे शब्द ग्रीक तुकडे जोडून केलेले असतात. कोल म्हणजे पित्त, लिथ म्हणजे दगड. सिस्ट म्हणजे पिशवी. शेवटी 'आयटिस' आलं की त्या जागी दाह आहे समजायचं: अपेंडिसायटिस, गॅस्ट्रायटिस, हिपॅटायटिस. म्हणून 'मला अपेंडिक्स झालंय' हे बोलणं खरं तर अपुरं आहे. अपेंडिक्स हा अवयव, झालाय तो त्याचा दाह. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर तो दाह असू शकतो, आणि तेव्हा बेंबी सरकली म्हणून पोट चोळत बसू नये.

माझ्या मते शब्दाचं शेपूट सर्वांत महत्त्वाचं. 'स्कोपी' म्हणजे आत पाहणं, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'स्टोमी' म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलोनोस्कोपीत (इथलं 'कोलोन' म्हणजे मोठं आतडं, पित्ताचं 'कोल' नव्हे) मोठं आतडं आतून पाहतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. कोलोस्टोमीत आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि तिथं पिशवी लावतात. कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात. संमतीच्या कागदावर सही करताना हे कळलंच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

मराठीतला 'दुर्बीण' हा शब्दही असाच घोळ घालतो. तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, दुर्बीण. पोटाला बारीक छिद्रं पाडून, आत वायू भरून पित्ताशय काढलं, तरी दुर्बीणच. पहिली काही मिनिटांची तपासणी, दुसरी पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया. ही दुसरी पद्धत तशी नवीच. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 साली पहिल्यांदा अशा रीतीनं पित्ताशय काढलं. घरी सांगताना 'दुर्बिणीतून तपासणी' की 'दुर्बिणीतून ऑपरेशन' एवढं तरी पूर्ण बोलावं.

सोलापुरात तर दुखणं सांगायच्याही कितीतरी भाषा. कुणी 'होट्टे नोवु' म्हणतं, कुणी 'कडुपु नोप्पि', कुणी 'पेट में दर्द'. गंमत अशी की यातून वाट सापडते. अडचण होते ती सगळ्यांना ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. 'मूळव्याध' म्हणत म्हणत लोक कोंब, चीर आणि भगंदर या तीन वेगळ्या दुखण्यांवर एकच मलम लावतात. शौचावाटे रक्त जात असेल, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, तर मलमाआधी तपासणी हवी, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच दिसतो. आणि 'गॅस' म्हणून सोडा पिणाऱ्याला घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर मी त्याला सोडा देत नाही. रिक्षा बोलावतो.

अक्कांचं दुखणं जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठायचं आणि पाठीत जायचं. मुके खडे असते तर डॉक्टरांनी कदाचित नुसतं थांबायला सांगितलं असतं; यांचे बोलत होते. त्यांच्या कागदावर शब्द होता कोलेसिस्टेक्टमी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच बोट ठेवून वाचलं, "पित्त, पिशवी, काढणं."

महिन्यानं त्या आल्या. पाठीतली कळ गेली होती. डबीत खडे होते, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. "पण अण्णा, शेंगाचटणी जास्त झाली की जळजळ अजून होतीच."

"ते आम्ल, अक्का."

"म्हंजे ती गोळी आता बरोबर," म्हणाल्या, आणि एक पाकीट घेऊन गेल्या.