एशियन पेंट्स

भारतातील सर्वांत मोठी रंगकंपनी. चार मित्रांनी १९४२ साली मुंबईत हा उद्योग सुरू केला आणि पुढे त्यांच्याच घराण्यांनी तो वाढवला. सांगली-सातारा भागाशी कंपनीचा संबंध दोनदा आला. पहिल्यांदा बैलांच्या शिंगांसाठी लागणाऱ्या रंगाच्या छोट्या डब्यांच्या निमित्ताने आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१३ मध्ये, सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात उभ्या राहिलेल्या कारखान्यामुळे.

स्थापना : दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात बंद पडली. त्या वेळी देशातल्या रंगबाजारावर ब्रिटिश कंपन्यांचा पगडा होता. शालिमारसारखा कारखाना हावड्याला १९०२ पासूनच चालू होता. आयात थांबल्यावर जी फट पडली, तीत चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी पाय रोवला. गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये काम सुरू झाले. एशियन हे नाव टेलिफोन डिरेक्टरीतून उचलले, असे सांगतात. १९४५ मध्ये ‘एशियन ऑइल अँड पेंट कंपनी’ या नावाने रीतसर नोंदणी झाली. सुरुवातीला रंग मोजकेच होते.

सांगली आणि बेंदूर : मुंबईतले मोठे व्यापारी नामांकित विलायती माल ठेवत, नवख्यांना दारात उभे करत नसत. त्यामुळे माल घेऊन जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पेठांत जाणे भाग पडले. या फिरतीची एक गोष्ट उद्योगजगतात वारंवार सांगितली जाते आणि तीत सांगलीचे नाव येते. शेतकरी रंग घेत होते, पण भिंतीसाठी नव्हे, बैलांच्या शिंगांसाठी. शिंगांना पाच-दहा किलोचा डबा कशाला लागतो? मग कंपनीने लहान डबे काढले आणि ते खपले. या गोष्टीत सणाचे नाव बहुधा ‘पोळा’ असे येते. सांगलीकर तिथेच थांबवतील. पोळा विदर्भ-मराठवाड्याचा, इकडे बेंदूर. तोही एक नाही. सीमेलगतच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर होतो, बाकीच्यांचा महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात.

लहान डबा का चालला, हे या तिथ्यांवरूनच कळते. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे बी-बियाणे आणि खतांत पैसे घालून हात रिकामा झालेला काळ. अशा दिवसांत डबाभर रंग कोण घेणार? पण वर्षभर राबलेल्या जनावराचा सण कोरा जाऊ द्यायचा नाही, हेही तितकेच खरे. आदल्या दिवशी हळद-लोण्याने खांदेमळणी होते. सणादिवशी अंघोळ, मग शिंगे. पूर्वी त्यांना हिंगूळ हे लाल रंगद्रव्य लावत, वर बेगड म्हणजे चकचकीत कागद चिकटवत. ऑइलपेंट आल्यावर हिंगूळ मागे पडला. एकाने वेसण धरायची, दुसऱ्याने विळ्याच्या टोकाने डब्याचे झाकण उचकटायचे, ब्रश नसला तर काडीला चिंधी गुंडाळायची. एक शिंग लाल, एक हिरवे, नाहीतर आडवे पट्टे. टोकाला शेंब्या म्हणजे धातूच्या टोपणांसारखे दागिने, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. उरलेला रंग गाडीच्या साट्याला किंवा तुळशीवृंदावनाला.

पुढच्या बेंदराला तोच डबा उघडला तर वर सायीसारखा जाड पापुद्रा सापडतो. ऑइलपेंट पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. त्यातला पातळ करणारा द्रव आधी उडतो. मग जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेले, किंवा अशा तेलांपासून केलेले अल्किड रेझिन, हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतात आणि रंगद्रव्याची भुकटी त्या थरात अडकते. झाकण नीट बसले नसेल तर हेच काम डब्यातच उरकते. डिस्टेंपरची जात निराळी. त्यात मुख्य घटक खडूची पूड, आणि तो पाण्यात कालवतात.

शिंगांवर ऑइलपेंट लावू नये आणि शिंगे तासू नयेत, असे पशुवैद्यक सांगत आले आहेत. शिंगाला इजा होते आणि जनावरे एकमेकांना चाटतात. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-केशरी छटांत, शिशाची संयुगे असत. घरगुती रंगांतील शिशावर भारत सरकारने २०१६ मध्ये नियम केले. ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले आणि दहा लाख भागांत ९० भाग ही कमाल मर्यादा ठरली. बेंदराच्या डब्याला ही मर्यादा फार उशिरा आली, असेच म्हणावे लागते.

विस्तार : १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी कंपनीसाठी हातात ब्रश आणि डबा घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला खट्याळ पोरगा काढला. स्पर्धेतून त्याचे नाव ‘गट्टू’ ठरले. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही डबा ओळखता येऊ लागला. पेठेत ही काही छोटी गोष्ट नाही. धुता येणारे ‘ट्रॅक्टर’ डिस्टेंपर याच वाटेने घराघरांत गेले. मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांवर विसंबण्याऐवजी थेट किरकोळ दुकानदारांपर्यंत पोहोचायचे, ही रीत पेठांतल्या फिरतीतूनच आली. १९६७ मध्ये कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. कोणत्या दुकानात कोणती छटा, किती मापाची खपेल, याचा हिशेब बांधण्यासाठी तिने १९७० च्या सुमारासच संगणक घेतला होता. १९७३ मध्ये ती पब्लिक लिमिटेड झाली.

घराणी : चार घराण्यांचा संसार कायम एकत्र राहिला नाही. १९९७ मध्ये चंपकलाल चोक्सींचे घराणे बाहेर पडले. त्यांच्या शेअर्सपैकी काही वाटा आयसीआय या ब्रिटिश कंपनीकडे जाणार होता, पण संचालक मंडळाने हस्तांतर नोंदवायला नकार दिला. दाणी, वकील आणि चिमणलाल चोक्सी ही घराणी प्रवर्तक म्हणून राहिली. २००९ पासून मात्र कारभाराची मुख्य खुर्ची घराण्याबाहेरच्या व्यावसायिकांकडे आहे. मालकी घरात, गाडा दुसऱ्याच्या हाती, ही घडी महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांच्या उद्योगांना जमलेली नाही.

खंडाळा कारखाना : २०१३ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या खंडाळा औद्योगिक क्षेत्रात कारखाना सुरू झाला. आरंभीची क्षमता वर्षाला ३ लाख किलोलीटर. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या भांडुपच्या जुन्या कारखान्यातले रंगनिर्मितीचे काम थांबले. शिरवळ-खंडाळा हा पट्टा एकेकाळी कोरडवाहू. महामार्गामुळे पुणे हाताशी आले आणि एकामागून एक कारखाने आले. इथे मोठ्या टाक्यांत तयार होणारा बराचसा रंग पांढरा किंवा बिनरंगी ‘बेस’ असतो. छटा दुकानातले टिंटिंग मशीन मिसळते. साताऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात कार्डावर बोट ठेवले की हवी ती छटा समोर तयार. आषाढात मात्र गल्ल्याशेजारी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचे छोटे डबे रचलेले असतात आणि त्यांना मशीन लागत नाही.

कारखान्याचा पत्ता सांगताना घोळ होतो. खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईचा माणूस लोणावळ्याकडे पाहतो. म्हणून इकडचे लोक आधीच सांगून टाकतात : बोरघाटातला नव्हे, खंबाटकीचा.