परतीच्या रिकाम्या पिकअपला जास्त डिझेल का लागतं?

नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला गेलेली पिकअप परत येते तेव्हा तिच्यात वजन जवळपास नसतं. तरीही सपाट रस्त्यावर ८०च्या वेगाने तिला जातानापेक्षा जास्त डिझेल लागू शकतं, आणि त्यात इंजिनचा काही दोष नसतो. परतताना हौद्यात जातानापेक्षा जास्त, केबिनच्याही वर दोन थर चढवलेले रिकामे कॅरेट असतात, हे त्याचं कारण.

हिशोब ढोबळ असला तरी करून बघण्यासारखा आहे. बोलेरो पिकअपच्या वर्गातली गाडी रिकामी सुमारे १७०० किलो भरते. २० किलो मालाचे ६० कॅरेट चढले की कॅरेटच्या वजनासकट ती तीन टनांवर जाते. सपाट डांबरी रस्त्यावर टायरचा रोध गाडीच्या वजनाच्या साधारण १.१ टक्के असतो, म्हणजे भरलेल्या गाडीला ३३ किलोचा जोर सतत लावावा लागतो. हा जोर वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. माल केबिनच्या उंचीपर्यंतच असेल तर ६० च्या वेगाला तो सुमारे ३१ किलो आणि ८० ला ५६ किलो होतो. एकूण जोर झाला ६४ आणि ८९ किलो.

आता परतीची गाडी बघा. वजन १८०० किलोच्या आसपास, त्यामुळे टायरचा रोध २० किलोवर आला. पण केबिनच्या वरचे दोन थर सरळ वाऱ्याला अडतात. कॅरेटना जाळी असते, त्यातून हवा गाळून जात नाही, आत घुसून घुसळते. समोरचं क्षेत्रफळ जवळजवळ एका चौरस मीटरने वाढतं, आणि ८० ला हवेचा रोध ८१ किलोवर पोहोचतो. एकूण १०१ किलो. भरलेल्या गाडीपेक्षा १२ किलो जास्त.

हा जोर डिझेलमध्ये मोजणं सोपं आहे. १०० किलोचा जोर एक किलोमीटर लावला की जवळपास १ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात आणि त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ९ मेगाज्यूल, चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीचा सायलेन्सर, रेडिएटर आणि घर्षणात जातो. म्हणून १०१ किलोच्या जोराला लिटरमागे ९ किलोमीटर, तर त्याच गाडीला त्याच कॅरेटसकट ६० च्या वेगाला (एकूण जोर ६६ किलो) जवळपास १४ किलोमीटर. जोर वाढला की डिझेल इंजिनची कार्यक्षमता थोडी सुधारते, शिवाय रस्त्यावर गावं, टोल, खड्डे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक एवढा मोठा दिसणार नाही. दिशा मात्र हीच राहते. १०० किलोमीटरला ८० ऐवजी ६० ने गेलं तर २५ मिनिटं जास्त लागतात. परतीच्या रिकाम्या फेरीत ती २५ मिनिटं बहुतेकांना परवडतात. सकाळच्या बाजाराला पोचायचं असताना परवडत नाहीत, म्हणून वेग कुठल्या फेरीत कमी करायचा हे यावरूनच ठरवावं.

कॅरेट कमी उंचीवर रचता आले तर उत्तमच. एकात एक बसणारे किंवा घडीचे कॅरेट घेतले तर प्रश्नच मिटतो. ते नसतील तर थर केबिनला अगदी चिकटून लावा. केबिन आणि माल यांच्यात फूटभर फट राहिली तर हवा त्या फटीत उतरते आणि मालाच्या तोंडावर नव्याने आदळते. ताडपत्री ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री वाऱ्याशी झगडण्यात डिझेल घालवते. केबिनच्या टपावर बसवायचा वारा वळवणारा पत्रा माल केबिनपेक्षा उंच असेल तेव्हाच कामाचा. नेहमी कमी उंचीचा माल नेणाऱ्याने तो लावला तर रोध वाढतोच.

हौदा पूर्ण रिकामा असेल तर मागचा फाळका उघडा टाकून जाण्याची सवय अनेकांना आहे, हवा सरळ निघून जाते या समजुतीने. होतं उलट. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो. बंदच ठेवावा.

घाटाचं गणित वेगळं. माळशेज चढताना गाडी सुमारे ६०० मीटर वर येते. १८०० किलोला त्यासाठी लिटरभर डिझेल लागतं आणि ते वाचवायची कुठलीही युक्ती नाही, वजन कमी करणं सोडून. चढावर गिअर वेळेत उतरवावा. या वर्गातल्या २५२३ सीसी इंजिनचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १४०० ते २२०० आरपीएममध्ये मिळतो. त्याखाली इंजिन कुंथत राहिलं की टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पुरेशी हवा देऊ शकत नाही आणि धूर निघतो. सपाटीला मात्र २००० च्या आसपास वरचा गिअर टाकून मोकळं व्हावं.

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचतं, हा समज अजून टिकून आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या काळातही त्यात फार दम नव्हता. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यात डिझेल फवारणाऱ्या, इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्शन पूर्ण बंद करतो. डिझेल शून्य. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला चालू ठेवायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, म्हणजे वीस मिनिटांच्या उतारात पाव लिटरपर्यंत. अगदी सौम्य, लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त घरंगळते हे खरं, पण घाटात तर ती रोखावीच लागते. तीन टनांची सगळी ऊर्जा मग एकट्या ब्रेकवर येते, लायनर तापून पकड सुटते. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टेअरिंगही जड होतं. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम इथे डिझेलच्याही बाजूने आहे.

आता गाडीतल्या बिघाडांकडे. वर्कशॉपमध्ये सगळ्यात आधी एअर फिल्टरवर बोट ठेवलं जातं, पण तो खरोखर चोंदेपर्यंत ॲव्हरेजवर त्याचा परिणाम थोडाच असतो. त्याहून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचा) रबरी होज. त्याला चीर गेली की दाबलेली हवा बाहेर पळते, चढावर शिट्टीसारखा आवाज येतो, ओढ कमी होते आणि चालक नकळत जास्त पाय देतो. चिरेभोवती तेलकट काळा डाग दिसतो. क्लिप आवळून भागलं नाही तर होज बदलावा.

थर्मोस्टॅटवर जरा थांबावं लागेल. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. या व्हॉल्व्हमुळे पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान राहतं. तो काढला की हिवाळ्यात, हलक्या मालात, इंजिन ६० च्या वर जातच नाही. थंड ऑइल घट्ट असतं, घर्षण वाढतं, ज्वलनातली जास्त उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत तर आणखी एक दुखणं सुरू होतं: इंजिन पुरेसं तापलं नाही तर डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, काजळी जाळण्याची प्रक्रियाच सुरू होत नाही. काजळी साचते, एक्झॉस्टला उलटा दाब येतो, डिझेल वाढतं. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटरच्या जाळीतल्या चिखलात, वॉटर पंपात किंवा फॅनमध्ये शोधा. व्हिस्कस फॅन (गरजेप्रमाणे वेग बदलणारा फॅन) असेल तर त्याचा कपलिंग जाम होऊन फॅन कायम पूर्ण वेगाने फिरत नाही ना, हेही बघा. ८० ला भरलेल्या गाडीच्या चाकांना अवघ्या २६ अश्वशक्ती लागतात. फॅनने त्यात दोन जास्त मागितल्या तर खर्च सात-आठ टक्क्यांनी वाढला.

डीपीएफची काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि ते मिळवायला ईसीयू जादा डिझेल सोडतो. गाडी फक्त गावातल्या गावात, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत फिरत असेल तर ही प्रक्रिया दर वेळी अर्ध्यात तुटते. न जळलेलं डिझेल पिस्टनवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी दांडीवर वर चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालेलं आहे, बदला. डीपीएफचा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा आणि मध्ये इंजिन बंद करू नका.

एखादा ब्रेक धरत असेल तर तो सापडायला उपकरण लागत नाही. कमीत कमी ब्रेक मारत दहा किलोमीटर जा, थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, पण लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर जॅकवर घेऊन फिरवून बघा. मागच्या ड्रममध्ये दोष बहुधा हँडब्रेकच्या गंजलेल्या केबलचा असतो.

टायरची हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. रिकामी आणि भरलेली गाडी यांचे मागचे आकडे वेगळे असतात. हवा २० टक्के कमी असेल तर टायरचा रोध साधारण १० टक्के वाढतो. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो सोडू नये.

इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) संशयाखाली असेल तर रिटर्नची, म्हणजे त्यातून परत येणाऱ्या डिझेलची, चाचणी मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमलं तर दोषी सापडला. चारही एकदम बदलायची गरज नसते. हाय प्रेशर पाइप मात्र चालू इंजिनवर कधीही सैल करू नये. हजाराहून जास्त बारचा फवारा कातडीतून आत शिरतो.

यातलं काहीही केल्यावर फरक पडला की नाही, हे मोजायची पद्धत एकच: त्याच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं, आणि अशा निदान तीन टाक्यांची सरासरी. टायर ८ मिलिमीटर झिजला की ओडोमीटर दोन टक्क्यांनी जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवर ॲव्हरेज फुगतं आणि नवे टायर घातल्यावर पडल्यासारखं वाटतं. तीन टक्क्यांच्या आतल्या फरकावर विश्वास ठेवू नये. डिझेलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या खपतात त्या याच तीन टक्क्यांच्या धुक्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी काही फायदा दाखवला.

डिझेल स्वतःही सगळीकडे सारखं नसतं. बीएस-६ डिझेलची घनता घनमीटरला ८१० ते ८४५ किलो चालते आणि जड डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जा तीन-चार टक्के जास्त असते. पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते, १५ अंश तापमानाला बदलून. शंका आली तर हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) मागा, नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त फरक चालत नाही. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात भरून दाखवायला सांगा.