सपोर्ट नसलेलं हार्डवेअर लिनक्सवर चालवणं

कंपनीनं ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) फक्त विंडोज किंवा मॅकसाठी दिलेला असतो, आणि तेच वायफाय कार्ड, स्कॅनर नाहीतर ग्राफिक्स कार्ड लिनक्स किंवा बीएसडीवर (लिनक्ससारखीच खुली ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचं, तर तो हा उद्योग. हार्डवेअरमध्ये बहुतेक वेळा काही खोट नसते, त्याच्याशी बोलायचं कसं हे कंपनीनं सांगितलेलं नसतं एवढंच.

आधी आयडी बघायचा. यूएसबी आणि पीसीआयवरचं (कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांची जोडणी) हार्डवेअर आपला व्हेंडर नंबर आणि डिव्हाइस नंबर स्वतःच सांगतं (८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम), लिनक्सवर एलएसयूएसबी आणि एलएसपीसीआय कमांडनी तो दिसतो. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनमध्ये चक्क वेगळ्या कंपनीची चिप निघते. कधीकधी ड्रायव्हर कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असतोच, फक्त त्याच्या यादीत हा नंबर नसतो, मग त्या ड्रायव्हरच्या न्यू_आयडी फाइलमध्ये नंबर टाकला की बऱ्याचदा काम होतं. फर्मवेअरची (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) फाइल नाही म्हणून अडलंय असंही खूप होतं, डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ते सरळ लिहिलेलं असतं पण ते न वाचता लोक अख्खी सिस्टिम परत टाकत बसतात.

ड्रायव्हरच नसेल तर खरी मजा. वायफायची बोंब होती त्या काळात एनडीआयएसरॅपर आलं, म्हणजे विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर जसाच्या तसा घ्यायचा आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवायचं. फ्रीबीएसडीत बिल पॉल यांनी हेच केलं, त्याचं टोपणनाव प्रोजेक्ट इव्हिल, आणि ते अगदी शोभून दिसतं. चालायचं, पण क्रॅश झालं तर आत काय घडलं ते कुणालाच बघता यायचं नाही.

टिकाऊ रस्ता रिव्हर्स इंजिनिअरिंगचा, म्हणजे वस्तू उलगडून ती कशी चालते ते शोधायचा. ब्रॉडकॉमच्या वायफायसाठी एका गटानं कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते ते लिहून काढलं आणि ते वाचून दुसऱ्याच गटानं नवा कोड लिहिला, म्हणजे कॉपी केल्याचा आरोप नको. तो ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नल २.६.१७ मध्ये आला. कंपनीनं स्वतः २०१० मध्ये ओपन ड्रायव्हर दिला खरा, पण जुन्या चिपवाल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. अलीकडचं उदाहरण ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाचं, ॲपलच्या एम१ चिपसाठी: एम१एन१ नावाच्या हायपरवायझरमध्ये (अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या ताब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) मॅकओएस चालवायचं आणि ते हार्डवेअरला काय काय सांगतंय ते टिपत राहायचं. पहिली अल्फा मार्च २०२२ मध्ये आली.

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर टाकला असेल तर कर्नल अपडेट झाला की तो पुन्हा कंपाइल करावा लागतो, ते डीकेएमएस नावाचं टूल आपोआप करतं, पण कर्नलमधलं आतलं काही बदललं असेल तर कंपाइलच फसतं म्हणून जुना कर्नल लगेच उडवू नये. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोत (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या) डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे असा ड्रायव्हर, लोड होत नाही, मग सहीसाठी स्वतःची की एनरोल (नोंद) करायची नाहीतर सिक्युअर बूट बंद करायचं.